बॉन्डायला कधी जायचं, कुठे उतरायचं आणि कधी नुसतं वाळूवर बसायचं

प्रश्न थोडक्यात असा: वेंटवर्थव्हिलला राहणारं कुटुंब, सिडनीत येऊन दीड वर्ष झालंय, आईबाबा पुण्याहून डिसेंबरमध्ये येतायत ते मे अखेरपर्यंत आहेत, चौदा वर्षांच्या मुलाला सर्फिंग शिकायचंय, सगळ्यांना सिडनीचा प्रसिद्ध बीच बॉन्डाय बघायचाय, आणि मुलगा सोडला तर कोणालाच धड पोहता येत नाही. मुलगाही टँकमध्येच शिकलेला. तर कधी न्यावं आणि काय काळजी घ्यावी.

मी मूळचा मालवणजवळचा, सिडनीत अठरा वर्षं झाली आणि त्यातली बारा वर्षं इथल्या एका सर्फ लाइफसेव्हिंग क्लबमध्ये व्हॉलंटिअर म्हणून ड्यूटी करतोय, म्हणजे ते लाल-पिवळी टोपी घालून वाळूवर उभे असतात ना, त्यातला एक. म्हणून उत्तर जरा लांबेल, कारण या विषयावर "काळजी घ्या, एन्जॉय करा" एवढं लिहून थांबायला मला जमत नाही.

सगळ्यात आधी एकच गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. समुद्रात जिथे लाटा फुटत नाहीयेत, पाणी छान सपाट आणि गडद हिरवं दिसतंय, आणि दोन्ही बाजूंना मात्र पांढरा फेस उसळतोय, ती मधली शांत पट्टी म्हणजे रिप, माणसाला किनाऱ्यापासून बाहेर ओढून नेणारा प्रवाह. आपण लहानपणापासून शिकलोय की लाटा म्हणजे धोका आणि शांत पाणी म्हणजे सेफ, नदीच्या घाटावर, तलावावर तेच खरं असतं, त्यामुळे आपली माणसं लेकरांना घेऊन नेमकी त्या शांत पट्टीत जाऊन उभी राहतात. मी स्वतः बघितलंय, एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक सीझनला. आणि ती चूक मीही केलेली आहे. सिडनीतला माझा पहिला जानेवारी, बॉन्डायचं दक्षिण टोक, मला वाटलं मी तर समुद्राकाठी वाढलोय, मला काय सांगताय, आणि जिथे कोणी नव्हतं आणि लाटाही नव्हत्या तिथे उतरलो. मिनिटभरात पाय टेकेनात. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होतो आणि किनारा लांब लांब जात होता. एका सर्फरने बोर्ड पुढे केला, धर म्हणाला, म्हणून आज हे लिहितोय. त्यानंतरच्या सीझनला मी क्लबमध्ये नाव घातलं.

रिप म्हणजे नक्की काय होतं ते समजून घ्या, समजलं की भीती अर्धी कमी होते. लाटा पाणी आत आणून टाकत राहतात, ते पाणी वाळूच्या दांड्याच्या, म्हणजे पाण्याखालच्या लांब उंचवट्याच्या, आतल्या बाजूला साठतं, त्याला परत जायला वाट लागते, मग दांड्यात जिथे खोलगट चर असतो तिथून ते सगळं पाणी एकवटून बाहेर पळतं. चर खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणून शांत दिसतं. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्सचे प्रोफेसर रॉब ब्रँडर लोकांना समजावं म्हणून रिपमध्ये जांभळा रंग सोडून दाखवतात, बघता बघता तो रंगाचा पट्टा खोल पाण्याकडे सरकत जातो, त्याचे व्हिडिओ मुलाला आणि आजी-आजोबांना घरी बसून दाखवा, बीचवर जायच्या आधी. दुसरं म्हणजे रिप माणसाला खाली ओढत नाही, ती बाहेर नेते. माणूस बुडतो तो दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे. म्हणून सापडलात तर तिच्याशी झुंजायचं नाही. पाठीवर तरंगत राहायचं, श्वास सांभाळायचा, एक हात सरळ वर करायचा, तो हात म्हणजे इथे मदतीची खूण आहे, लाइफगार्डच्या टॉवरवरचा माणूस दुर्बिणीतून तीच शोधत असतो. चांगलं पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटतायत त्या बाजूला जायचं, तिथे पाणी उथळ असतं आणि लाटाच तुम्हाला आत ढकलतात. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत राहा.

आता बॉन्डायबद्दल. बीच साधारण एक किलोमीटर लांब आहे, आणि तो एक बीच नाहीये, दोन आहेत असं समजा. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताला उत्तर टोक, बेन बकलरचा खडक, तिथे लाटा जरा मवाळ असतात, शेवटी लहान मुलांसाठी खडकात बांधलेलं छोटं पाणकुंड पण आहे. उजव्या हाताला दक्षिण टोक, आइसबर्ग्ज पूलच्या बाजूचं, तिथे लाटा जास्त आणि तिथे एक कायमची रिप असते. सर्फ लाइफसेव्हिंगच्या धोक्याच्या मोजपट्टीवर, जी १ ते १० असते, उत्तर टोकाला ४ आणि दक्षिण टोकाला ७ दिलेले आहेत, एकाच बीचला. त्या रिपला इथे 'बॅकपॅकर्स एक्स्प्रेस' म्हणतात, कारण बस तिथेच जवळ थांबते, बाहेरून आलेली माणसं उतरतात, समोर पाणी दिसतं, कुठे लांब चालत जायचं म्हणून तिथेच शिरतात. बॅकपॅकर म्हटलंय पण त्यात आपण पण आलो.

झेंडे. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधल्या पाण्यातच उतरायचं. हे झेंडे रोज सकाळी पाणी बघून लावतात, वाळूचा दांडा सरकतो तशी जागा बदलते, एकाच दिवसात पण हलवतात, त्यामुळे "मागच्या वेळी आम्ही इथेच उतरलो होतो" याला काही अर्थ नाही. पाण्यात असताना दर पाच मिनिटांनी मान वर करून झेंडे बघा, कारण पाणी तुम्हाला आडवं सरकवत असतं आणि कळत पण नाही. लाल-पांढरा चौकडीचा झेंडा दिसला किंवा सायरन वाजला तर विचार न करता बाहेर. काळा-पांढरा चौकडीचा म्हणजे तिथून पुढे सर्फबोर्डवाल्यांची हद्द, तिथे नुसतं डुंबायला जायचं नाही, डोक्यात बोर्ड बसला तर टाके पडतात. आणि झेंडे काढून नेले की ड्यूटी संपली, मग पाणी कितीही छान दिसो, आपल्यासाठी बीच बंद. उन्हाळ्यात रात्री आठपर्यंत उजेड असतो आणि सगळ्यांना वाटतं अजून दिवस आहे, पण टॉवर तेव्हा रिकामा असतो.

इथे एक गोष्ट सांगतो. ६ फेब्रुवारी १९३८, रविवार, बॉन्डायवर तुफान गर्दी, शेकडो लोक पाण्यातल्या वाळूच्या दांड्यावर कंबरेएवढ्या पाण्यात उभे. लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि परत जाताना त्यांनी दांड्यावरची माणसं उचलून खोल पाण्यात नेली. अडीचशेच्या आसपास लोकांना वाचवावं लागलं, त्यातले बरेच बेशुद्ध होते, पाच जण गेले. त्या दिवशी योगायोगाने क्लबच्या शर्यतीची वेळ होती म्हणून किनाऱ्यावर भरपूर लाइफसेव्हर हजर होते, नाहीतर आकडा काय झाला असता माहीत नाही. मी हे नवीन मुलांना नेहमी सांगतो कारण ती सगळी माणसं खोल पाण्यात गेलेली नव्हती. कंबरेएवढ्या पाण्यात उभी होती. "आम्ही फक्त कंबरेपर्यंतच जातो" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य आहे आणि पोहता न येणाऱ्या माणसाने, विशेषतः साठीच्या पुढच्या, इथे गुडघ्याच्या पुढे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तेही झेंड्यांच्या मध्ये, लाटेकडे तोंड करून. पाठ करून फोटो काढायचा नाही. आमच्याकडे मालवणात म्हातारी माणसं पण हेच सांगायची, समुद्राक पाठ दाखव नको.

आता सीझन. आपलं सगळं कॅलेंडर इथे उलटं आहे आणि ते डोक्यात बसायला वेळ लागतो. कोकणात आपल्याला शिकवलेलं असतं की जून ते नारळी पौर्णिमा समुद्राच्या वाटेला जायचं नाही, बाकी वर्षभर तो आपलाच. इथे तसा एक बंद सीझन आणि एक खुला सीझन नाहीये. दर सीझनला धोका असतो, फक्त त्याचं रूप बदलतं. भरती-ओहोटीचं पण तसंच, मुंबईत पाच मीटरपर्यंत फरक पडतो म्हणून आपल्याला भरतीची भीती, सिडनीत तो फार तर दोन मीटर, पण ओहोटीला चरांमधून पाणी जास्त जोरात पळतं, म्हणजे इथे पाणी उतरलेलं असताना रिप जास्त ओढू शकते. हे आपल्या अंदाजाच्या बरोबर उलट आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. तुमचे आईबाबा येतील तेव्हा हाच चालू असेल आणि पहिल्याच रविवारी सगळे म्हणतील चला बॉन्डाय. माझं ऐकाल तर रविवारी नका जाऊ, ख्रिसमस ते २६ जानेवारीच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलिया डेच्या, सुट्टीपर्यंत तर अजिबातच नको, मधल्या वारी सकाळी आठला पोचा आणि अकरापर्यंत निघा. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी स्वच्छ, गर्दी कमी. दुपारी ईशान्येचा वारा सुटतो, समुद्र चोपडा न राहता खवळल्यासारखा खडबडीत होतो. ऊन हा इथला खरा राक्षस आहे, यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची मोजपट्टी, ११-१२ च्या वर जातो, ढग असले तरी, आणि बॉन्डायच्या वाळूवर सावली म्हणाल तर नाहीच. "आपल्या कातडीला काही होत नाही" हे डोक्यातून काढा, मी आपल्या रंगाच्या पोरांचे खांदे सोलवटलेले बघितलेत. ५० प्लसचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी परत, टोपी, लांब बाह्या. आजी-आजोबांसाठी मागच्या बाजूला पार्क आणि पॅव्हिलियन आहे, तिथे बसवा, समुद्र तिथूनही दिसतो, आणि पाणी पाजत राहा, कारण समुद्राच्या वाऱ्यात घाम आलेला कळत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार, सदर्ली बस्टर. दिवसभर ३५-३८ डिग्री तापलेलं असतं आणि अचानक दक्षिणेकडून गार वारा असा येतो की काही मिनिटांत पारा दहा-पंधरा डिग्रीने खाली, वाळू उडते, छत्र्या भाल्यासारख्या पळतात. हवामान खात्याच्या अंदाजात त्याची वेळ दिलेली असते, तेवढी बघून निघा आणि त्या वेळेआधी सामान आवरा. आणि फुगवायची खेळणी, ते फ्लेमिंगो आणि गाद्या, समुद्रावर आणूच नका, जमिनीवरून वारा असला की ते पोरासकट आत जातं.

ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा डंख मारणारा समुद्री जीव. हे आपल्याला नवीन नाही, ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत गिरगाव, जुहूला कितीतरी लोकांना चावे झाले होते, तेच हे निळे फुगे. इथे उन्हाळ्यात ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस सतत राहिला की लाटांबरोबर आत येतात. वाळूवर निळे फुगे पडलेले दिसले की पाण्यातही आहेत हे समजा आणि त्या दिवशी पाणी टाळा. मेलेल्यालाही हात लावायचा नाही, त्या दोऱ्या वाळल्या तरी डंख मारतात. डंख झाला तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेल्या दोऱ्या काढायच्या आणि मग गरम पाणी, सोसवेल इतकं, ४५ डिग्रीच्या वर नाही, वीस मिनिटं. गरम पाण्याने खरंच उतरतं. व्हिनेगर लावायचं नाही, ते उत्तरेकडे क्वीन्सलँडच्या बॉक्स जेलीफिशसाठी असतं, इथल्या ब्लूबॉटलसाठी नाही. श्वास लागला किंवा अंगभर सूज आली तर लगेच लाइफगार्डकडे जा आणि ००० लावा, तो इथला आणीबाणीचा नंबर.

आता माझा आवडता काळ, मार्च आणि एप्रिलचा पहिला भाग. लोकांना वाटतं उन्हाळा संपला, बीच संपला. उलट. समुद्र हवेपेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा गार होतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी सगळ्यात उबदार असतं, २३ डिग्रीच्या आसपास, शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरलेली, ऊन सोसवणारं. तुमच्या आईबाबांना पाण्यात पाय बुडवायचे असतील तर त्यांना मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी आणा. पण याच दिवसांत बाहेर लांब कुठेतरी वादळ झालेलं असतं आणि त्याच्या मोठ्या लाटा इथे ऊन पडलेलं असताना, आकाश निळं असताना येऊन आदळतात. हवा छान म्हणजे समुद्र छान, असं काही नसतं. २०२५ च्या ईस्टरच्या सुट्टीत हेच झालं, लांब वीकेंड, लोक बाहेर पडलेले, आणि मोठ्या लाटांनी न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात मिळून कितीतरी जणांना खडकांवरून ओढून नेलं, अनेक जीव गेले. त्यातले बरेच पोहायला गेलेच नव्हते, खडकावर उभे होते. म्हणून हेही लिहून ठेवा, बॉन्डायच्या दोन्ही टोकांच्या खालच्या खडकांवर, जिथे खडक ओला आणि काळा दिसतो, तिथे फोटोसाठी जायचं नाही. ओला आहे म्हणजे लाट तिथपर्यंत येते. मधे दहा मिनिटं काही येत नाही आणि मग एक येते.

अजून एक तारीख, २५ एप्रिल, अँझॅक डे, इथली सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी. आम्ही व्हॉलंटिअर लोक सप्टेंबर अखेरच्या शाळेच्या सुट्टीपासून अँझॅक डेपर्यंत शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवर असतो. त्यानंतर न्यू साउथ वेल्समधले बरेच बीच उघडे पडतात, कोणी बघायला नसतं. बॉन्डायचं भाग्य असं की तिथे वेव्हर्ली काउन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, पगारी लाइफगार्ड, निळ्या कपड्यातले, वर्षाचे ३६५ दिवस असतात. म्हणून नवख्या कुटुंबाला मी बॉन्डायच सुचवतो, लोक म्हणतात कशाला गर्दीत, आम्हाला शांत निर्जन बीच माहितीये, आणि मला त्या वाक्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडला भारतीय वंशाची चार माणसं एका वेळी गेली, तिथे पहाऱ्याला कोणी नव्हतं. सुंदर आणि निर्जन जागा. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मे ते ऑगस्ट थंडी. पाणी जुलै-ऑगस्टमध्ये १८ च्या आसपास, सकाळची हवा ८-१०, म्हणजे पाणी हवेपेक्षा उबदार, आत गेल्यावर तेवढं वाईट वाटत नाही, बाहेर आल्यावर दात वाजतात. दक्षिणेकडून मोठ्या लाटा याच काळात येतात, दिवसचे दिवस. आइसबर्ग्ज क्लबची माणसं १९२९ पासून थंडीतच पोहतात, त्यांचा नियम असा की मेंबर व्हायचं तर पाच वर्षं हिवाळ्यात दर चारपैकी तीन रविवार यायलाच हवं. ते खडकातल्या पूलमध्ये. तो पूल बाहेरच्यांनाही तिकीट काढून खुला असतो, गुरुवारी साफसफाईसाठी बंद, आणि मोठ्या लाटा असल्या की पूलमध्येही लाट उडी मारून येते. तुमचे आईबाबा मे अखेरीला परत जायच्या आधी त्यांना मात्र एक गोष्ट नक्की दाखवा, मेपासून हंपबॅक व्हेल उत्तरेला जायला निघतात, बेन बकलरच्या वरच्या गवतावर, कठड्याच्या आत, थर्मासमध्ये चहा घेऊन बसा, फवारे दिसतात. माझ्या आईने ते बघितलं तेव्हा ती दोन तास हलली नव्हती. पाण्यात न उतरता बॉन्डायचा सगळ्यात सुंदर दिवस तोच.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी पटकन सांगतो, तेव्हा तुमचे पाहुणे नसतील. हवा ३० होते पण पाणी अजून १८-१९, पोरं धावत जाऊन उडी मारतात आणि गारठ्याने श्वास अडकतो. हळूहळू उतरायचं. मुलाला पुढे क्लबमध्ये घालायचा विचार असेल तर हीच नाव नोंदवायची वेळ. लहान भावंडं असतील तर निपर्स, म्हणजे क्लबचा लहान मुलांचा वर्ग, पाच वर्षांपासून, रविवारी सकाळी, समुद्र वाचायला त्याच्याइतकं चांगलं कुठेच शिकवत नाहीत. तुमचा मुलगा चौदाचा आहे, त्याच्यासाठी पुढची पायरी असते, आणि पुढे ब्राँझ मेडॅलियन, म्हणजे लाइफसेव्हर व्हायची परीक्षा, त्यासाठी ४०० मीटर नऊ मिनिटांच्या आत पोहावं लागतं. मी स्वतः पहिल्या वेळी अकरा मिनिटं घेतली होती, चार महिने रोज पहाटे पूलमध्ये जाऊन ते खाली आणलं.

सर्फिंगचं. मुलगा टँकमध्ये पोहतो ही चांगली सुरुवात आहे पण पुरेशी नाही. टँकमध्ये कड असते, तळ दिसतो, पाणी हलत नाही. आधी झेंड्यांच्या मध्ये तीन-चार वेळा नुसता लाटांत खेळू दे, लाट अंगावर आली की तिच्याखालून कसं जायचं ते शिकू दे. मग क्लास लावा, लायसन्स असलेल्या सर्फ स्कूलचाच, यूट्यूब बघून भाड्याने बोर्ड घ्यायचा नाही. सुरुवातीला मऊ फोमचा मोठा बोर्ड. सीझन म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च, छोट्या लाटा असलेला दिवस, गुडघ्यापासून कंबरेएवढी लाट त्याला भरपूर आहे. दक्षिण टोकाला जे पटाईत सर्फर असतात त्यांच्यात घुसायचं नाही, तिथे लाट कोणाची हे ठरलेलं असतं, जो फुटणाऱ्या कडेच्या सगळ्यात जवळ तो जातो, दुसऱ्याने त्याच्या वाटेत यायचं नाही. दोन-तीन गोष्टी त्याला पाठ करायला लावा: पायाचा पट्टा बांधल्याशिवाय पाण्यात जायचं नाही, पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, आडवं सपाट पडायचं आणि वर येताना हातांनी डोकं झाकायचं, आणि लाट आणि आपण यांच्या मध्ये बोर्ड कधीच येऊ द्यायचा नाही. मान मोडायच्या केसेस बऱ्याचदा उथळ पाण्यात सूर मारल्यानेच होतात, वाळूचा दांडा दिसत नाही पण असतो. आणि रिपमध्ये सापडला तर बोर्ड सोडायचा नाही, तोच तराफा.

कपड्यांचं सांगतो कारण हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना अवघड वाटतं. जीन्स, सलवार, साडी, ओढणी, सुती कुर्ता यांत पाण्यात जायचं नाही. भिजलेली जीन्स पायाला गुंडाळते, ओढणी तर विचारूच नका. अंग झाकूनच उतरायचं असेल तर काही हरकत नाही, पोहण्याच्या कापडाचे पूर्ण बाह्यांचे टॉप, त्यांना इथे रॅशी म्हणतात, आणि पूर्ण पायाच्या लेगिंग्ज कुठल्याही दुकानात मिळतात, उन्हापासूनही वाचवतात, माझी बायको तेच घालते आणि बीचवर तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. मळकट कपडे चालतील म्हणून घरातले जुने कपडे घालायची आपली सवय इथे महागात पडते.

पावसानंतर एक दिवस समुद्रात उतरू नका, जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचं सगळं पाणी नाल्यांमधून किनाऱ्याला येतं. हार्बरच्या आतल्या बीचवर तर तीन दिवस थांबायचं. सरकारचा बीचवॉच म्हणून रोजचा अंदाज असतो, तो बघत जा. गढूळ पाण्यात शार्कही येतात, विशेषतः उन्हाळ्यात बुल शार्क, म्हणून गढूळ पाणी आणि पहाट-संध्याकाळ टाळायची. शार्कच्या जाळ्या १९३७ पासून लावतात हे खरं, पण त्या संपूर्ण बीचला कुंपण घातल्यासारख्या नसतात, तुकडा असतो, वरून खालून बाजूने मोकळं. तरीही आईला सांगा, शार्कची भीती वाटते ती समजते पण माझ्या बारा वर्षांत मी शार्कसाठी सायरन बोटांवर मोजण्याइतके ऐकलेत आणि रिपमधून माणसं किती काढली ते मोजणं सोडून दिलंय.

आणि हे सगळ्यात अवघड. कोणी बुडताना दिसलं, आपलं माणूस असलं तरी, मागोमाग उडी मारायची नाही. मला माहितीये हे लिहायला सोपं आहे. तीन वर्षांपूर्वी एक मुलगा ओढला गेला, वडील मागे धावले, वडिलांना पोहता येत नव्हतं, आम्ही मुलाला दीड मिनिटात बोर्डवर घेतलं, तो तरंगत होता, त्याला शाळेत शिकवलेलं होतं, आणि वडिलांपर्यंत पोचायला मात्र आमच्या दुसऱ्या माणसाला फार धडपड करावी लागली. दोघं वाचले. ते काका नंतर टॉवेल गुंडाळून बसले होते आणि मराठीत पुटपुटत होते, मी जवळ जाऊन मराठीत बोललो तर माझा हात धरून रडले. तर काय करायचं: ओरडा, लाइफगार्डला हाका मारा, कोणीच नसेल तर ००० लावा आणि पोलिस मागा, आणि तरंगेल असं काहीही फेका, बोर्ड, फुटबॉल, कूलरचं झाकण, रिकामी बंद बाटली. एका माणसाने फक्त बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही, लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की परत सापडत नाही.

तुमच्यासाठी म्हणून ठरवून देतो. डिसेंबरात आल्यावर पहिली फेरी पाण्यात न उतरता, मधल्या वारी सकाळी, टॉवरजवळ जा, लाइफगार्डला सरळ विचारा की आज रिप कुठे आहे, ते बोट करून दाखवतात, विचारलेलं त्यांना आवडतं. मुलाला ती शोधायला सांगा, दहा मिनिटं वाळूवर बसून. फेब्रुवारीत मुलाचा क्लास. मार्चमध्ये आजी-आजोबांचे पाय पाण्यात. मेमध्ये व्हेल. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही आणि मिळालं तर मीटर पळतो, ट्रेनने बॉन्डाय जंक्शनपर्यंत या, तिथून ३३३ नंबरची बस. बीच दिसायला लागला की अर्धी बस पहिल्या स्टॉपला उतरेल, तुमची पोरंही उठतील. तुम्ही बसून राहा, बस पुढे नॉर्थ बॉन्डायपर्यंत जाते, शेवटच्या स्टॉपला उतरा.